दोऱ्याचे दुसरे टोक

एकदा एक तरुण परदेशात विद्या शिकून गावी परतला आणि एका वृद्ध कॅमेरा-कारागिराचा शिष्य झाला. कारागिराच्या फळीवर अकरा जुने कॅमेरे धूळ खात पडले होते. फोटो काढला की क्षणार्धात तो हातात देणारे. पण त्यांना लागणारा कागद बनायचा केव्हाच थांबला होता, आणि एका व्यापाऱ्याला ते आपल्या हॉटेलात शोभेसाठी मांडायचे होते.

"गुरुजी, शोभेला देऊ नका," शिष्य कळवळून म्हणाला. "मी त्यांची पाठ कापतो, नवं भिंग बसवतो. तळहाताएवढ्या फिल्मवर फोटो काढतील, तेही हातात धरून. माणसांच्या दारापर्यंत नेता येतील."

वृद्धाने एक कॅमेरा त्याच्यापुढे सरकवला. "तीन महिने घे. मग त्या व्यापारी शेटजींचाच चेहरा काढून दाखव. डोळे स्पष्ट आले तर बाकीचे दहाही तुझे. नाहीतर अकराच्या अकरा हॉटेलात."

शिष्याने करवत आणि कानस हाती घेतली. अशा कॅमेऱ्याला अंतर जुळवायची एक छोटी खिडकी असते. तिच्यात समोरची वस्तू दुहेरी दिसते, आणि भिंग पुढेमागे करून दोन्ही प्रतिमा एकावर एक आल्या की फोटो स्पष्ट येतो. नव्या भिंगाशी ही खिडकी जुळवण्यासाठी शिष्य रोज गच्चीवरून टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरी. अखेर टाकीची शिडी पायरी न पायरी फिल्मवर उतरली, आणि त्याचे समाधान झाले.

ठरल्या दिवशी व्यापारी टेम्पो घेऊनच आला. फिल्मचे दोनच ताव उरले होते.

"बसू का, विलायती साहेब? पोट आत घेऊ, की आहे तसं चालेल?"

शिष्याने खिडकीत पाहिले, प्रतिमा जुळवल्या, फोटो काढला. फिल्म धुऊन अंधाऱ्या खोलीतून तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. फोटोत मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख वाचता येत होती. शेटजींच्या जागी नुसते धुके होते.

"वा! कॅलेंडरचा फोटो झकास आलाय हो!" व्यापारी हसला आणि बाहेर वळून टेम्पोवाल्यावर ओरडला, "खोकी आण रे आत!"

शिष्याने शेवटचा ताव घेतला. तेवढ्यात वृद्ध उठला आणि त्याने कॅमेऱ्याच्या खिडकीवर काळी चिकटपट्टी लावून टाकली.

"गुरुजी! तीन महिने घालवलेत मी तिच्यावर!"

"म्हणूनच."

वृद्धाने कॅमेरा टेबलावर ठेवला, मागे दुधी काच लावली, आणि काचेवर शेटजींचे डोळे रेखीव दिसेपर्यंत भिंग सरकवून तिथेच घट्ट केले. मग भिंगापासून शेटजींच्या डोळ्याखालच्या हाडापर्यंत दोरा ताणून तोडला. एक टोक कॅमेऱ्याला बांधले, दुसरे व्यापाऱ्याच्या चिमटीत दिले.

"इथे गालाला लावून धरा. ओढायचं नाही, सैल सोडायचं नाही. हा ताठ आहे तोवर अंतर बरोबर आहे."

"आता मला मजुरीला लावता का, बुवा?" व्यापारी म्हणाला. पण त्याने दोरा धरला.

काच काढून तिथे फिल्म बसवली. शिष्याने कॅमेरा उचलला. दाराशी रिकामी खोकी आपटल्याचा आवाज झाला. दोरा झोळ पडून लोंबला. शिष्याचे बोट कळीवर होते, ते त्याने आवरले. तो अर्धे पाऊल मागे सरला, दोरा ताठ झाला, पुन्हा सैल पडला. या वेळी व्यापारीच किंचित मागे रेलला. त्याच्या तोंडावरचे हसू केव्हाच गेले होते. दोऱ्यातून दुसऱ्याचा श्वास हाताला लागतो, हे शिष्याला पहिल्यांदाच कळत होते. दोरा थरथरला, मग स्थिर झाला.

त्याने कळ दाबली.

अंधाऱ्या खोलीत दहा मिनिटे सरता सरेनात. बाहेरून व्यापाऱ्याचा आवाज आला, "अहो, बाळंत झालात का?" शिष्याने ओली फिल्म बाहेर आणून उजेडापुढे धरली. पापण्या मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ उतरल्या होत्या. भुवईतला जुना व्रणसुद्धा.

व्यापारी बराच वेळ पाहत राहिला. "पोरगा असताना झाडावरून पडलो होतो," तो हळूच म्हणाला. मग दाराकडे वळून म्हणाला, "खोकी परत टेम्पोत टाक."

तो गेल्यावर शिष्याने विचारले, "गुरुजी, माझी खिडकी चुकली कुठे?"

"दूरचं ती अचूक दाखवते. पण ती घडली जुन्या भिंगासाठी, जवळ आलं की नव्याला फसवते. तू तीन महिने टाकीवर नेम धरलास. माणूस कधी समोर बसवलाच नाहीस. दूरचं जुळलं म्हणजे जवळचं जुळलंच, असं धरून चाललास. आणि अंतर मोजत होतास तू एकटा. आज समोरच्यानं दुसरं टोक धरलं. दोघांनी सांभाळलं, म्हणून टिकलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्याने फळीवरून दुसरा कॅमेरा उतरवला, आणि करवतीला हात लावण्याआधी दोऱ्यासाठी एक छिद्र पाडले.