वॉरंटी ओढ्याच्या अलीकडे

आमच्या शेजारच्या यमुनावहिनी डोंगरातल्या वाड्यांवरच्या अडलेल्या बायकांना स्वतःच्या ‘गिरिशूर’ जीपमधून दवाखान्यात आणतात. वर्षाच्या आत त्या जीपचा अ‍ॅक्सल तुटला आणि वाड्यांचा आधारच गेला. मला राहवतंय होय? मीही त्यांच्यासोबत शोरूममध्ये गेले.

मॅनेजर म्हणाला, “मॅडम, तुम्ही गाडी ओढ्यातून नेलीत. आता वॉरंटी मिळणार नाही.”

माझं डोकंच फिरलं. “अहो, मग बाईला काय ओढ्याकाठी बाळंत करायचं?”

“तो कंपनीचा प्रश्न नाही, काकू.”

वहिनी मात्र भिंतीवरचा भलामोठा फोटो बघत होत्या. त्यात गिरिशूर नदीच्या पाण्यात उभी होती आणि खाली लिहिलं होतं, ‘चाळीस वर्षं, रस्ता संपतो तिथून पुढे!’ शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ तीच गाडी बुक करत होते. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वहिनी म्हणाल्या,

“बरं साहेब, अ‍ॅक्सल नका बदलू. तो फोटो बदला. गाडी डांबरी रस्त्यावर उभी दाखवा, म्हणजे पुढचा माणूस तरी फसणार नाही.”

गृहस्थांनी पेनाला टोपण लावलं.

“आधी ताईंचा अ‍ॅक्सल बदला,” ते म्हणाले, “मग माझी सही.”