दोन पडदेकरी आणि एक पोपट

तेव्हा कोणता राजा गादीवर होता हे आज कुणालाच आठवत नाही, इतक्या पूर्वीची ही गोष्ट. डोंगरापलीकडच्या एका गावात केतकी नावाची मुलगी दूरदेशीची विद्या शिकून परत आली. तिला वाटलं होतं, वेशीवर लोक वाट पाहत असतील. आपण आणलेला नवा पडदेकरी पाहून ते हरखून जातील, जुन्याला आनंदानं निरोप देतील आणि संध्याकाळपर्यंत घरोघरी नवा नांदू लागेल.

प्रत्यक्षात वेशीवर एक म्हैस उभी होती, आणि चावडीवर कारभारी दाढी करून घेत होते.

"नवा पडदेकरी?" गालावरचा फेस न पुसताच ते म्हणाले. "अगं, जुन्याला काय धाड भरलीय? दिसतंय की सगळं."

पडदेकरी म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं.

त्या गावात घरोघरी संगणक होते. इतक्या जुन्या काळी संगणक कुठून आले, असं विचारू नका. गोष्टीतला कोल्हा बोलतो तेव्हा आपण कुठे विचारतो? या संगणकांतल्या आज्ञावली गावच्या विहिरीसारख्या सगळ्यांच्या होत्या. कुणीही त्या उघडून पाहाव्यात, मोडलं असेल ते दुरुस्त करावं आणि केलेली दुरुस्ती शेजाऱ्यालाही द्यावी, अशी तिथली रीत होती.

प्रत्येक संगणकात एक पडदेकरी राहायचा. पडद्यावर दिसणारी प्रत्येक गोष्ट तो मांडायचा. हिशेबाची चौकट इकडे, गाण्याची तिकडे, चित्राची त्यांच्या मागे. कोणत्या चौकटीत कोणतं अक्षर उमटलं, हेही त्याच्याच हातून जायचं.

हा पडदेकरी आता फार म्हातारा झाला होता. गावातल्या कित्येक पिढ्यांनी त्याच्या अंगरख्याला ठिगळं लावली होती. मूळ कापड कोणतं आणि ठिगळ कोणतं, हे आता त्यालाही सांगता येत नसे. तरी तो काम करायचा. त्याच्यात दोष एकच होता, आणि तो त्याच्या चांगुलपणातून आला होता. तो कुणावरही विश्वास ठेवायचा. एखाद्या आज्ञावलीनं विचारलं, "शेजारच्या चौकटीत काय लिहिलं जातंय हो?" की हा सांगून मोकळा.

त्या वर्षी या चांगुलपणानं घात केला.

गावात एक वैद्यबाई होत्या. त्यांना डोळ्यांनी दिसत नसे. नाडी त्या बोटांनी वाचायच्या, आणि रोग्याचं दुखणं संगणकावर लिहून ठेवायच्या. त्यांच्या संगणकात एक पोपट होता. हाही म्हणजे एक आज्ञावलीच. पडद्यावर काय आहे ते म्हाताऱ्या पडदेकऱ्याला विचारून तो मोठ्यानं वाचून दाखवायचा. बाई लिहायच्या, पोपट वाचायचा, आणि बाई मान डोलवायच्या.

जत्रेतल्या एका खेळवाल्यानं त्या वर्षी नाचरं माकड आणलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात बसून ते उड्या मारायचं. ओट्यावर खोळंबलेल्या पोरांना रमवायला म्हणून वैद्यबाईंनीही ते बसवून घेतलं. माकड नाचायचं, आणि नाचता नाचता म्हाताऱ्याला विचारायचं, "बाई काय लिहितात हो?" म्हातारा सांगायचा. माकड ते आपल्या मालकाला कळवायचं, आणि मालक बाजारात तिखटमीठ लावून पसरवायचा.

एका नव्या नवरीचं दुखणं ती औषध घेऊन घरी पोचायच्या आत पाणवठ्यावर पोचलं. सगळ्यांनी वैद्यबाईंनाच बोल लावला. ओट्यावरची गर्दी ओसरली. तापानं फणफणलेली पोरं घेऊन बाया डोंगर उतरून परगावी जाऊ लागल्या, पण बाईंची पायरी चढेनात.

हे कानावर येताच केतकीनं बाईंचा संगणक उघडला, कोपऱ्यात नाचणारं माकड पाहिलं आणि थेट म्हाताऱ्यालाच गाठलं. "आजोबा, त्या माकडाला तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं की. त्यानं विचारलं."

"पण ते कोण, कुठलं, हे नाही विचारलंत?"

"पोरी, माझ्या उमेदीच्या काळात या घरात येणारा प्रत्येक जण घरचाच असायचा. घरच्याला कुणी नाव विचारतं का?" म्हाताऱ्यानं अंगरख्यावरची ठिगळं चाचपली. मग म्हणाला, "मी थकलोय गं. आणखी एक ठिगळ लावायला आली असशील तर हात जोडतो. निरोप द्यायला आली असशील तर ये, बस."

केतकीनं माकडाला तिथल्या तिथे हाकललं, आणि त्याच पावली चावडी गाठली. आता तिला कुणाच्या हारतुऱ्यांची गरज उरली नव्हती. आपण आणलंय ते गावाला हवंच आहे, याची तिला खात्री पटली होती.

तिचा नवा पडदेकरी तरणाबांड होता. अंगावर एकही ठिगळ नाही. ज्याची चौकट त्याच्यापुरती, हा त्याचा बाणा. शेजारी काय चाललंय हे तो कुणालाही सांगत नसे. राजानं विचारलं असतं तरी सांगितलं नसतं.

सगळ्यांच्या मालकीच्या वस्तूत बदल करायचा, तर गावाची एक रीत होती. बदल चावडीवरच्या संगणकात बसवायचा. ज्याला यायचं त्यानं यावं, वापरून पाहावं, आणि पटलं नाही तर त्याच संगणकावर आपली हरकत लिहावी; तोंडी बोललेलं धरत नसत. जत्रा उठेपर्यंत कुणाची हरकत उरली नाही, की बदल गावाला मान्य.

लोक आले. कुंभारानं चौकट इकडून तिकडे सरकवून पाहिली आणि म्हणाला, "अरे वा, लोण्यावरून फिरल्यासारखी जातेय. आमचा म्हातारा तर धापा टाकतो." शिंपीणबाईंनी लिहिलं, अक्षरं बारीक आहेत. केतकीनं ती मोठी करून दिली. रंगाऱ्यानं लिहिलं, तांबडा रंग फिका आहे. केतकीनं तो गडद केला. माकडाच्या मालकानंही येऊन पाहिलं, आपलं माकड इथे आंधळं आणि बहिरं होतंय हे ओळखलं आणि गाशा गुंडाळून तो दुसऱ्या गावाच्या जत्रेला निघून गेला.

जत्रा उठली. हरकत एकही उरली नव्हती.

"जिंकलीस!" कारभारी म्हणाले. "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय सगळ्यांना, की नवा पाहिजेच."

"पहिल्या दिवशी तुम्ही दाढी करत होतात, काका."

"दाढी करताना माणूस विचारच करत असतो. उद्या सकाळी दवंडी पिटवतो. घरोघरचा म्हातारा उठेल आणि नवा बसेल. एकदा उठला की परत बसवायचा नाही, म्हणजे पुन्हा धरसोड नको."

दिवेलागणीला केतकी वैद्यबाईंकडे धावत गेली. ही बातमी त्यांना सगळ्यांआधी कळायला हवी होती. सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच तर होता.

"बाई, उद्यापासून तुमचं गुपित कुणी फोडणार नाही. तुमच्या घरी पहिला मान. आत्ताच बसवून देते."

"बसव," वैद्यबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात ना आनंद होता ना राग.

केतकीनं नवा पडदेकरी बसवला. पडदा लख्ख उजळला. वैद्यबाईंनी कळफलकावर बोटं ठेवली, दोन ओळी लिहिल्या आणि कान दिला. पोपट गप्प होता. त्यांनी पुन्हा लिहिलं. पोपट गप्पच.

"चावडीवरही असंच झालं होतं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही आला होतात चावडीवर?"

"आले होते तर. माझा पोपट बरोबर घेऊनच. चांगली घटकाभर बसले. संगणक काही बोलेना. मागे रांग लागली होती. कुणीतरी म्हणालं, 'बाई, झालं असेल तर उठा, आम्हालाही बघू द्या.' उठले."

"अहो, मग हरकत का नाही लिहिलीत?"

वैद्यबाई हसल्या. "कुठे लिहायची होती गं हरकत? त्या मुक्यावरच ना?"

केतकीनं तरीही आपल्या कामाची बाजू घेऊन पाहिली. "बाई, तो मुद्दामच कुणाला काही सांगत नाही. म्हणून तर माकडं फिरकत नाहीत."

"माकडं फिरकत नाहीत हे बरंच झालं. पण माझा पोपटही त्याला माकडच वाटतो, त्याचं काय? जुन्यानं माझी गुपितं फोडली, तेव्हा निदान मी औषध तरी देऊ शकत होते. आता माझीच गुपितं मला वाचता येईनात. तू शिकून आली आहेस, तूच सांग. यातलं काय निवडू?"

केतकीनं नव्या पडदेकऱ्यालाच विचारलं, "पोपटाला का नाही रे सांगितलंस?"

"कुणालाही सांगायचं नाही, असं तूच बजावलं होतंस," तो ताठ मानेनं म्हणाला.

केतकीला उमगलं. म्हाताऱ्यानं विचारणाऱ्याचं ऐकलं होतं, तरण्यानं बजावणारीचं. दोघंही आपापल्या जागी इमानी होते. दोघांपैकी कुणालाही आपला आणि परका ओळखायला कुणी शिकवलंच नव्हतं.

तिनं म्हाताऱ्याला परत जागेवर आणलं. पोपट लगेच बोलू लागला. "आजोबा, आणखी काही दिवस थांबाल?" तिनं विचारलं.

"या बाईंसाठी थांबेन," म्हातारा म्हणाला. "पण मला कायमचा ठेवून घ्यायची पळवाट काढू नकोस हो."

केतकी घरी निघाली. काय करायचं हे तिला दिसत होतं. नव्याला एक दार करायचं. ज्याचा संगणक, त्यानं स्वतः नाव घेऊन ज्याला आत घेतलं, त्याला सांगायचं. बाकी कुणाला नाही. पण असं दार एका रात्रीत होत नाही. तोवर थांबलं तर लोक म्हणतील, हिचंच हिला पटेना. जिंकलेला डाव हातचा जाईल, आणि नवा पडदेकरी कदाचित पुन्हा कधीच चावडी चढणार नाही. थांबलं नाही, तर गावात एकच घर मुकं होईल. एकच तर घर, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराची तिला स्वतःलाच लाज वाटली.

सकाळी दवंडीवाला चावडीसमोर गवत पेटवून हलगी शेकत होता. केतकी त्याला ओलांडून आत गेली, संगणकापुढे बसली आणि लिहू लागली. कारभाऱ्यांनी तिच्या खांद्यावरून वाकून वाचलं.

"हरकत? स्वतःच्याच कामावर? शुद्धीवर आहेस ना?"

"आहे, काका. आजच आलेय." ती उठली आणि बाहेर जमलेल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जत्रा काल उठली, हे मला ठाऊक आहे. पण ज्यांना ही हरकत घ्यायची होती, त्यांना ती घ्यायला मी जागाच ठेवली नव्हती. म्हणून मी घेतेय. दवंडी पिटा, पण अशी: माकड प्रत्येक घरातून आजच काढा. नवा पडदेकरी ज्याला हवा त्यानं खुशाल न्यावा. तो येणारच आहे. पण वैद्यबाईंचा पोपट नव्यापुढे बोलू लागत नाही, तोवर म्हाताऱ्याला कुणाच्याही घरातून जबरदस्तीनं उठवायचं नाही. आणि इथून पुढे ज्याला लिहिता येणार नाही, त्याची तोंडी हरकतही धरायची."

कारभाऱ्यांनी लोकांकडे पाहिलं. लोकांनी वैद्यबाईंच्या घराकडे पाहिलं. कुणी काही बोलेना, तसं केतकी पुढे म्हणाली, "नुसतं गप्प राहू नका. पटत असेल तर तसं सांगा."

"पटतंय!" कुंभार ओरडला, आणि मग एकेक करून सगळेच बोलू लागले. हलगी कडाडली. केतकीनं चावडीवरचा नवा पडदेकरी सोबत घेतला आणि दार करण्याचं काम चावडीवर नव्हे, वैद्यबाईंच्या ओट्यावर, त्यांच्या पोपटाशेजारी बसून करायचं, असं ठरवून ती चालू लागली.

बोध: जुनं जरूर बदलावं, पण कुणाची तक्रार नाही म्हणून सगळे सुखी आहेत असं समजण्याआधी, प्रत्येकाला तक्रार करायला दार आहे का, ते पाहावं.