उंबरटेकला आधी पाठ टेकवतात

गावाच्या वरच्या अंगाला, भैरोबाच्या देवळामागे जो खोलगट माळ दिसतो, ते आमच्या उंबरटेकचे कुस्तीचे मैदान. चारी बाजूंनी अंगचाच उतार आहे, त्यामुळे पाच हजार माणसे बसली तरी शेवटच्याला मधला हौदा दिसतो. हौदा म्हणजे तांबड्या मातीचा आखाडा. त्या मातीत घालायचे तेल आणि हळद चार पिढ्या आमच्याच दुकानातून जाते. म्हणून पाहुण्यांना इथली हकिकत सांगायचे कामही लोकांनी माझ्याच गळ्यात घातले आहे. बसा, चहा सांगितलाय.

नवखा माणूस इथे एका गोष्टीने बुचकळ्यात पडतो. दुसरीकडे पैलवान हौद्यात उतरतो, माती कपाळाला लावतो, शड्डू ठोकतो आणि भिडतो. उंबरटेकला तसे चालत नाही. इथे दोघेही आधी उताणे निजतात. खांदे, पाठ, डोके, सगळे मातीला टेकवायचे, पाच श्वास घ्यायचे आणि मग उठायचे. कुस्तीत जिला हार म्हणतात, ती इथे कुस्तीच्या आधीच करून टाकायची.

गेल्या साली एका कॉलेजचा संघ आला होता. त्यातला एक धिप्पाड गडी म्हणाला, "काका, आधीच उताणं पडायचं म्हणजे अपशकुन की हो!" त्याचा जोडीदार हसला, "तुला सवय आहे की, पड!" मग त्या दोघांतच जुंपली. एक म्हणे, शिट्टी वाजली की घुसायचे, समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. दुसरा म्हणे, घुसणारा चुकतो, आपण पाय रोवून त्याच्या चुकीची वाट बघायची. दोघांनाही पटेना. शेवटी त्यांचे सर म्हणाले, "आमच्या गुणांच्या कुस्तीत नुसता बचाव करत राहिलं की पंच ताकीद देतो." मी म्हटले, "सर, आमच्या गावाजवळ ताकीद देणारा पंच नव्हता, तिथंच घोटाळा झाला." त्यांना जे सांगितले तेच तुम्हाला सांगतो.

नदीवर पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. रावजी वस्तादांच्या तालमीत दोन पैलवान होते, असे सांगतात. एक म्हाळू, एक सुभाना. एका वयाचे, एका आळीतले, पहाटे एकमेकांच्या अंगाला माती लावणारे.

म्हाळू चढाईचा पैलवान. हलगी घुमली की हा सुटलाच. कधी पट काढून पाय उचलायचा, कधी कमरेत हात घालून फेकायचा. त्याची कुस्ती पान जमवून तोंडात टाकेपर्यंत निकाली व्हायची, मग ती जिंकून असो की हरून. हरायचाही तो पुष्कळ. पडला की हसत उठायचा, ढुंगण झाडायचा आणि म्हणायचा, "माती काय सावत्र हाय व्हय आपली?" बाजारात काही व्यापारी असे असतात, ओरडून ओरडून माल विकतात, बुडाले तरी दुसऱ्या दिवशी दुकान मांडतात. लोकांना ते आवडतात, पण त्यांचे कोणी नवल करत नाही.

सुभानाचे नवल करायचे. तो बचावाचा पैलवान. त्याच्या अंगावर घातलेला प्रत्येक डाव तो तोडायचा. खाली गेला तर पोटाने मातीला चिकटून बसायचा, चार माणसांना उलटवता येऊ नये असा. दोन-दोन तास कुस्ती चालायची आणि पंच कंटाळून बरोबरीत सोडवायचे. रावजी वस्ताद म्हणे दोघांना समोर बसवून सांगत, "म्हाळ्या, तुला थांबता येत न्हाई आन् सुभान्या, तुला सुटता येत न्हाई. दोघं मिळून एक पैलवान हाय माझा."

सुभाना असा का झाला, त्याचेही कारण सांगतात. ऐन मिसरूड फुटायच्या वयात याच मैदानात एका हलक्या पैलवानाने त्याला चीत केले. त्याचा बाप कडक होता. तो उतारावरून उठला आणि म्हणाला, "पाठीची माती निघंस्तवर घरात यायचं न्हाई." पोरगे तीन दिवस देवळात राहिले. चौथ्या दिवशी बाप सर्प चावून गेला. पाठ धुतली होती, पण ती बघायला बाप नव्हता. सुभानाने त्याच दिवशी हौद्यातली मूठभर माती भैरोबापुढे ठेवून शपथ घेतली, की आता जिवात जीव आहे तोवर माझी पाठ भुईला लागणार नाही.

शपथ कुस्तीपुरती असती तर काही बिघडले नसते. पण चौदा वर्षांत ती वाढत गेली. आधी तो कुशीवर निजू लागला. मग झोपेत पाठ वळेल म्हणून भिंतीला टेकून बसल्या-बसल्या डोळा लावू लागला. त्याची आई गोजाबाई रोज वाकळ अंथरायची आणि रोज तशीच घडी करून ठेवायची. आणि गाव काय करीत होते? गाव वाहवा करीत होते. परगावचा पाहुणा आला की त्याला मुद्दाम दाखवायला न्यायचे, "हा आमचा सुभाना, ह्याची पाठ भुईनं बघितली न्हाई." माझा व्यापारी म्हणून अनुभव सांगतो, निंदेने माणूस एकदा बुडतो, वाहवेने रोज थोडा थोडा बुडतो.

पुढे रावजी वस्ताद वारले. त्याच साली नदीपलीकडच्या जत्रेत सुभानाची गाठ एका अवाढव्य पैलवानाशी पडली. त्याने सुभानाला उलटवले. पाठ मातीला लागणार, एवढ्यात सुभानाने डोके आणि टाचा रोवून अंगाची कमान केली. वर तो डोंगराएवढा माणूस आणि खाली ही कमान. हलगीवाल्याचे हात दुखले म्हणतात, पण कमान मोडली नाही. आत मात्र कण्यात काहीतरी मोडले. कुस्ती बरोबरीत सुटली, आणि सुभाना बैलगाडीत ताठ बसून घरी आला. झोपवून आणू देत नव्हता.

हाडवैद्याने पाठ चाचपली आणि सांगितले, "फळीवर सव्वा महिना उताणं पडून राहायचं. कूस बदलायची न्हाई. एवढं केलंस तर नांगर धरशील. न्हाई केलंस तर आधी पाय जातील, मग तू जाशील."

सुभाना म्हणाला, "दुसरं काही सांगा."

"दुसरं काही न्हाई."

"मग ऱ्हाऊ द्या."

गोजाबाईने पाय धरले. सुभाना म्हणाला, "आये, मातीला शबुद दिलाय." शपथ सोडवायला वस्ताद नाहीत, बाप नाही. पायांचे मांस झडू लागले. तेव्हा त्या माउलीने जो विचार केला, तो मोठ्या वकिलाला सुचला नसता. ती म्हाळूकडे गेली. म्हणाली, "शपथ मोडता येत न्हाई, पर पैलवान पाडता येतो. तू त्याला पाड, म्हाळू. एकदा पाठ लागली की शपथ संपली. मग निजंल माझं लेकरू."

म्हाळू दचकला. हाडवैद्याला विचारून आला. तो म्हणाला, "मऊ मातीत हळू टेकवलास तर काही धोका न्हाई. धोका बसून राहण्यात हाय." मग म्हाळू सुभानासमोर जाऊन बसला.

"चैताच्या मैदानात माझ्याशी लढ. मी चीत केलं तर सव्वा महिना फळीवर पडायचं. कबूल?"

सुभानाने भिंतीला टेकलेली पाठ आणखी ताठ केली. मग म्हणाला, "चौदा वर्सांत जमलं न्हाई तुला."

"म्हणून तर इचारतोय."

"कबूल. पर कुचराई करायची न्हाई. खरी कुस्ती."

"खरी."

त्या वर्षी हौद्यातली माती गुडघाभर खणली, चाळली, त्यात ताक, तेल, हळद, लिंबे घालून लोण्यासारखी केली. तेलाचे डबे माझ्या पणजोबांनी फुकट दिले, असे आमच्या घरात सांगतात. घरची माणसे आहेत, थोडे वाढवून सांगत असतील. बायांनी मैदानात यायची तेव्हा रीत नव्हती. गोजाबाई घरीच होती. तिने फळी धुतली, ओसरीवर ठेवली, वर धुवट वाकळ अंथरली आणि उशाला पाण्याचा तांब्या ठेवून ती मैदानाकडे कान लावून बसली.

दोघांनी सलामी दिली. सुभानाच्या अंगात आता फक्त हात उरले होते, पाय नावाला होते. म्हाळू घुसला. दोन डाव सुभानाने सवयीने तोडले. तिसऱ्याला म्हाळूने त्याची कंबर धरली, पाय उचलला, आणि सुभाना तिरपा झाला. पाठ आणि माती यांच्यात वीतभर अंतर राहिले. चौदा वर्षे ज्याची वाट पाहिली ते म्हाळूच्या हातात होते.

तेवढ्यात सारा उतार उठून उभा राहिला. हजारो माणसे एका आवाजात ओरडू लागली, "सुभाना, सांभाळ! सुभाना, पाठ!" अटीची गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती. आणि असे सांगतात, की म्हाळूने खाली पाहिले तर सुभानाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. तो नको म्हणाला नाही, सोड म्हणाला नाही. फक्त बघत होता.

जो माणूस जन्मात डाव टाकताना थांबला नाही, तो तेव्हा थांबला. त्याला वाटले, याच्याजवळ आता दुसरे आहे काय? पाय गेले, ताकद गेली, एवढी एक पाठ उरली. धडधाकट असताना मला घेता आली नाही, ती आजारपणात घेऊ? त्याने सुभानाला सावरून उभे केले, त्याचा हात आपल्या हातात धरून वर केला आणि ओरडला, "बरोबरी!"

लोकांनी फेटे उडवले. गुलाल उधळला. सुभानाला खांद्यावर बसवून वाजतगाजत घरी नेले.

ओरडा ऐकला तेव्हा गोजाबाईला वाटले, पडला एकदाचा. तिने वाकळेवरची सुरकुती हाताने मोडली आणि दारात येऊन उभी राहिली. मिरवणूक आली. लेक खांद्यावर ताठ बसलेला होता, आणि पाठ कोरी होती.

ती लोकांतून वाट काढत पुढे झाली. म्हाळूला बाजूला घेऊन म्हणाली, "तू दया केलीस, बाबा. मी तुझ्याकडं दया मागाया आले नव्हते."

त्या दिवसापासून म्हाळूने शड्डू ठोकला नाही. तो रोज सुभानाजवळ येऊन बसायचा. एकदा त्याने हात जोडून म्हटले, "चुकलो. परत धर कुस्ती." सुभाना हसला म्हणे. "आता हात पण न्हाईत रं." आषाढातल्या आखाडीच्या सणाआधी, भिंतीला टेकून बसल्या-बसल्याच तो गेला.

प्रेत उचलायची वेळ आली. चार शहाणे पुढे झाले आणि म्हणाले, याची पाठ टेकवायची नाही, साधुपुरुषासारखे बसवून नेऊ, गावाची आब राहील. तेव्हा गोजाबाई उठली.

"पुरं झाली तुमची आब. चौदा वर्सं निजला न्हाई माझा लेक. निजवा त्याला."

एकाचाही हात पुढे येईना. तिने म्हाळूकडे पाहिले. "तू निजव."

म्हाळूने एक हात मानेखाली घातला, एक कमरेखाली. जसे तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवतात, तसे त्याने सुभानाला ओसरीतल्या त्या फळीवर उताणे निजवले आणि मानेखालचा हात लवकर काढला नाही.

पुढच्या चैत्रात मैदान भरले. कोणी कुस्ती लावायच्या आधी म्हाळू हौद्यात उतरला, सदरा काढला आणि सगळ्यांसमोर मातीत उताणा पडला. लोकांना वाटले याला भोवळ आली. पाच श्वासांनी तो उठला, पाठ वळवून चारी बाजूंना दाखवली आणि म्हणाला, "बघा. माती लागली. मी मेलो का? घर पडलं का? जो आधी पाठ टेकवंल त्यानंच हितं लढायचं. मग चढाई करा न्हाईतर बचाव करा." त्याच्या मागून उतारावरून म्हातारी गोजाबाई खाली आली. मैदानात पाऊल टाकणारी ती पहिली बाई. कोणी अडवले नाही. पहिला पैलवान मातीत निजला, तशी ती त्याच्यापाशी वाकली.

ती रीत चालली ती चाललीच. त्या कॉलेजच्या धिप्पाड गड्यानेही हे ऐकल्यावर सदरा काढला.

आजही मैदान सुरू होताना गावातली सर्वांत वयस्कर बाई हौद्याच्या काठावर येते. गेली सात वर्षे आमच्या थोरल्या वहिनी येतात. मातीत निजलेल्या प्रत्येक पैलवानापाशी ती वाकते आणि गोजाबाईने त्या दिवशी विचारले तेच विचारते, "झोप लागती का रं बाबा?" पैलवान कुठल्याही गावचा असो, त्याने निजल्या-निजल्याच उत्तर द्यायचे असते, "लागती, आये." ते उत्तर ऐकल्याशिवाय ती पुढच्याकडे जात नाही.