टिंबांचा ढीग

अक्षरे संगणकात नुकतीच राहायला आली, तेव्हाची गोष्ट. दारातले यंत्र येणाऱ्या प्रत्येक अक्षराला मोठे, म्हणजे कॅपिटल, करून आत सोडी. तुर्की भाषेतला छोटा आय (i) मोठा झाला, पण डोक्यावरचे टिंब गमावून बसला.

"अहो, माझं टिंब? तुर्कीत मोठ्या आयलाही टिंब असतं. बिनटिंबाचा तर माझा भाऊ आहे! घरचे मला तोच समजतील."

"इंग्रजीत मोठ्यांना टिंब नसतं," यंत्र गुरगुरले. "चल, पुढचा लहान कोण?"

पुढे मराठीतला ळ होता. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लहान कुणाला म्हणतोस? आमच्यात लहान-मोठं कुणी नसतंच! हात लावण्याआधी विचारत जा, कुठला आहेस म्हणून. आधी याचं टिंब दे!"

यंत्राने खाली पाहिले. पायाशी टिंबांचा ढीग साचला होता. त्यातले कुठले कुणाचे, ते त्याला सांगता येईना.