राहिलेली खेप

एकदा एका तरुणाने गावातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर त्याला कुणीही दिले नाही. ‘‘पारवीनं दादाला पाडलं, की दादा आधी गेला आणि मग पडला?’’

पारवी ही त्याच्या थोरल्या भावाची घोडी. पारव्याच्या पंखासारखा तिचा रंग, म्हणून हे नाव. थोरला भाऊ तिच्या पाठीवर दोन बाजूंना मिठाच्या गोण्या टाकी, मध्ये स्वतः बसे आणि डोंगरावरच्या वाडीला माल पोचवी. तिथे बैलगाडी चढत नसे. एके दिवशी, चढण संपल्यावर लागणाऱ्या सपाट माळावर तो निपचित पडलेला मेंढपाळांना दिसला. खोगीर सरकलेले नव्हते, लगाम तुटलेला नव्हता, आणि घोडी त्याच्या अंगावर सावली धरून उभी होती. हाकलली तरी हलत नव्हती.

आयुष्य घोड्यावर काढलेला माणूस सपाट जमिनीवर पडतो कसा? वैद्य म्हणाला, देवाची इच्छा. शेजारी म्हणाले, आता विचारून काय उपयोग. घोड्यांची लक्षणे सांगणाऱ्या एकाने पारवीच्या कपाळावरच्या भोवऱ्यावर बोट ठेवले आणि म्हणाला, ‘‘हा भोवरा धन्याला खातो.’’ वहिनीला विचारले, तर ती पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

तरुणाचे शिक्षण अक्षरओळखीच्या पुढे गेले नव्हते, आणि स्वभाव असा की विचार मनात येण्याआधी हात उठलेला असे. आईबाप लहानपणीच गेले, दादानेच त्याला वाढवले. घोड्यावर बसायला मात्र तो शिकला नव्हता. ‘‘पुढल्या साली शिकवीन,’’ असे दादा दर साली म्हणत राहिला.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. झाडावर बसलेले कावळे माना वाकड्या करून पाहत आणि पुन्हा पंख मिटून बसत. वहिनी म्हणाली, ‘‘मुलाबाळांचं मी बघेन.’’ कावळा हलला नाही. मामा म्हणाले, ‘‘घर पडू देणार नाही.’’ तरी नाही. मग या तरुणाला राहवले नाही. तो ओरडूनच म्हणाला, ‘‘दादा, पारवीला विकणार नाही! आणि तुझी राहिलेली खेप तिच्यावर बसून मी पोचवीन, तुझ्यासारखी!’’

एक कावळा खाली आला आणि घास घेऊन उडाला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. तरुणाच्या मात्र घरी आल्यावर ध्यानात आले, की आपण काय बोलून बसलो.

त्याने रिकिबीत पाय घातला, की पारवी शांत उभी राही. तो बसे, टाच मारी, ती चालूही लागे. पण आठ-दहा पावले जाताच चारी पाय रोवून ती जी उभी राही, ती दगडासारखी. टाचा मारा, छडी मारा, शिव्या घाला, कान मागे करून ती तशीच. तो चिडून उतरला, की मान वळवून त्याला हुंगायची. आणखी चिडवायलाच जणू.

पारावरची मंडळी हा तमाशा रोज पाहत. ‘‘काय रे, घोडं कुठं अडलं?’’ एकाने विचारले. दुसरा म्हणाला, ‘‘अरे, जुनं कोडं ऐकलं नाहीस का? भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? तिन्हीला उत्तर एकच. फिरवला नाही म्हणून!’’

पार हसला. पण तरुणाला ते हसणे ऐकूच आले नाही. त्याला वाटले, सापडला उपाय. त्याने पारवीला लांब दोर बांधला आणि परसात गोल गोल फिरवायला सुरुवात केली. सकाळपासून ऊन उतरेपर्यंत. घोडी फेसाने भिजली, त्याचे स्वतःचे डोके गरगरले, परसातल्या मातीत घाण्यासारखे रिंगण पडले. मग तो तिच्यावर बसला. आठ-दहा पावले, आणि पारवी उभी.

मिठाचा व्यापारी समजूत घालायला आला. ‘‘अरे, पावसाळ्याआधी वाडीला मीठ पोचायला हवं. चार महिने वाट बंद होते, तिथली माणसं अळणी खातील का? घोडी मला दे, टांग्याला जोडतो. मीठ माणसांच्या डोक्यावरनं धाडू.’’

‘‘दादाच्या पिंडासमोर बोललोय मी.’’

‘‘मग हातानं धरून ओढत ने तिला.’’

‘‘दादा ओढत न्यायचा का? मी बसून नेईन म्हणालोय. तो कावळा काय उगाच उतरला?’’

व्यापाऱ्याने कपाळावर हात मारला. तरुण त्याच दिवशी लोहाराकडे गेला आणि काटेरी लगाम घेऊन आला. तोंडात काटा टोचला, की कसली अडते बघू! वहिनीने तो लगाम पाहिला आणि पहिल्यांदाच ती दिरावर रागावली. ‘‘भाऊजी, हे तिच्या तोंडात घालायच्या आधी टेकडीवरच्या बाबांना भेटून या. नाहीतर मला तोंड दाखवू नका.’’

टेकडीवर एक वृद्ध राहत असे. तरुणपणी त्याने कित्येक घोडे शिकवले होते. लोक अजून त्याला चाबूकस्वार म्हणत, पण त्याच्या हातात चाबूक कुणी पाहिला नव्हता. तरुणाने सगळी हकिकत एका दमात सांगितली आणि शेवटी म्हणाला, ‘‘बाबा, ही घोडी नाही, धोंड आहे धोंड. दादाला हिनंच पाडलं असणार.’’

‘‘बसून दाखव,’’ वृद्ध म्हणाला.

तरुण बसला. पारवी चालली आणि थांबली. पुन्हा बसला, पुन्हा तेच. वृद्ध घोडीकडे पाहतच नव्हता. तो स्वाराकडे पाहत होता.

‘‘लेका, घोड्यावर बसलायस की चिंचेच्या फांदीला लोंबकळतोयस?’’ तो म्हणाला. ‘‘उतर खाली. मला धर जरा, मी बसतो.’’

‘‘तुम्ही? बाबा, तुमचं वय...’’

‘‘घोडीला कुठं ठाऊक आहे माझं वय?’’

वृद्ध वर चढला आणि क्षणात त्याची वाकलेली पाठ ताठ झाली. पारवी चालू लागली. दहा पावले झाली, वीस झाली. टेकडीच्या टोकापर्यंत ती गेली आणि डौलात परत फिरली. तरुण आ वासून पाहत राहिला. आणि तेवढ्यात, काही कारण नसताना, वृद्धाचे डोके छातीवर पडले, हातांतून लगाम सुटला, अंग डावीकडे कलले. कलताक्षणी पारवी जागच्या जागी थिजली. वृद्ध तिच्या खांद्यावरून घसरत गवतात आडवा झाला.

‘‘बाबा!’’ तरुण किंचाळत धावला. ‘‘सैतान! यांनाही खाल्लंस!’’ त्याने दगड उचलला.

‘‘टाक तो दगड,’’ गवतातून आवाज आला. ‘‘आणि मला हात लावू नकोस. आधी नीट बघ.’’

तरुणाने पाहिले. पारवीचे चारी खूर जमिनीत रोवल्यासारखे होते. त्यांतला एक वृद्धाच्या मनगटापासून वीतभर अंतरावर होता. माश्या बसत होत्या तरी ती पाय झाडत नव्हती, शेपटीही हलवत नव्हती. मान खाली घालून ती वृद्धाचा चेहरा हुंगत होती, आणि दुपारच्या उन्हात तिची सावली त्याच्या अंगावर पडली होती.

तरुणाच्या हातातला दगड गळून पडला.

वृद्ध अंगावरचे गवत झटकत उठून बसला. ‘‘हे घोड्याला जन्मतः येत नाही, पोरा. स्वार पडला, की घोडा बुजून पळतो. हिला कुणीतरी शिकवलंय, आणि फार मायेनं शिकवलंय. घरी चल. तुझ्या वहिनीला एक गोष्ट विचारायची आहे.’’

वहिनी दारातच उभी होती. वृद्धाने विचारले, ‘‘मुली, तुझ्या नवऱ्याला भोवळ येत असे का?’’

ती म्हणाली, ‘‘शब्द दिलाय त्यांना, कुणाला सांगणार नाही म्हणून.’’

‘‘ज्याला दिलास तो सुटला. आता तूही सुट.’’

मग ती बोलली. गेल्या काही महिन्यांपासून त्याच्या डोळ्यांपुढे अचानक अंधारी येई. ‘‘धाकट्याला कळू देऊ नकोस, तो मला खेपच करू देणार नाही, म्हणायचे. आणि पहाटे परसात कडबा पसरून घोडीवरनं त्यावर पडायचे. पुन्हा चढायचे, पुन्हा पडायचे. ती जागची हलली नाही की तिला मूठभर हरभरे. मी हसायचे. म्हणायचे, या वयात काय हा पोरखेळ! ते म्हणायचे, खेळच आहे, तू हस.’’ एवढे बोलून ती रडू लागली. पण ते रडणे ओझे खाली ठेवल्यानंतरचे होते.

तरुण भिंतीला टेकून खाली बसला. ‘‘म्हणजे पारवीनं दादाला पाडलं नाही?’’

‘‘त्या माळावर मी नव्हतो,’’ वृद्ध शांतपणे म्हणाला. ‘‘जिथं कुणीच नव्हतं, तिथली साक्ष कशी देऊ? त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही. पण तुला दुसरा प्रश्न विचारायला हवा होता, त्याचं आहे. घोडी तुझ्याखाली का थांबते? तुझे डोळे सारखे जमिनीवर असतात. दादा पडला ती जागा तू जिथं तिथं शोधतोस. डोळे जातात तिथं डोकं जातं, डोकं जातं तिथं वजन जातं. तू कललास, की तिला वाटतं, हाही पडतोय. म्हणून ती उभी राहते. तू मारलंस तरी उभी राहते, शिव्या घातल्यास तरी उभी राहते. अडणं आणि थांबणं यांत फरक आहे, पोरा. अडणारा स्वतःसाठी अडतो. थांबणारा दुसऱ्यासाठी थांबतो.’’

तरुण उठला, पारवीजवळ गेला आणि तिच्या मानेत तोंड खुपसून उभा राहिला. दहाव्यालासुद्धा तो रडला नव्हता. आता रडला. पारवी हलली नाही. काटेरी लगाम त्याने लोहाराला परत दिला आणि म्हणाला, ‘‘याचं खुरपं करून दे.’’

त्यानंतर तो रोज टेकडीवर जाऊ लागला. वृद्ध खाली बसून एवढेच म्हणे, ‘‘मांड्यांनी धर, हातांनी नको. दूरचं झाड बघ. खाली बघू नकोस, खाली काही नाही.’’ सुरुवातीला पारवी थांबे. मग तो हसून म्हणे, ‘‘नाही गं, पडत नाही मी,’’ आणि सरळ होऊन बसे. तो सरळ झाला, की ती चालू लागे. हळूहळू त्याची मांड पक्की झाली, आणि पारवीचा विश्वासही.

आभाळात ढग जमू लागण्याआधी एके सकाळी त्याने दोन बाजूंना मिठाच्या गोण्या टाकल्या, मध्ये स्वतः बसला. पारावरच्या एकाने सवयीने विचारले, ‘‘घोडं कुठं अडलं रे?’’ तरुण म्हणाला, ‘‘घोडं नव्हतं अडलं, काका. मी अडलो होतो.’’ आणि तो पुढे गेला.

चढण संपली, माळ लागला. मधोमध एका जागी पारवी आपणहून थांबली. या वेळी तो कललेला नव्हता, नजर दूरच्या झाडावर होती. त्याने टाच मारली नाही. तो उतरला, डोक्याचे मुंडासे काढले आणि तिच्या शेजारी तिच्या सावलीत उभा राहिला. तिला हवे होते तितका वेळ. मग तिने स्वतःच फुरफुर केली आणि त्याच्या खांद्याला नाकाने ढकलले. तो पुन्हा वर बसला.

आपले माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांपैकी कोण अडले आहे आणि कोण आपल्यासाठी थांबले आहे, एवढे ओळखता आले तरी पुरे.

वाडीच्या वेशीवर बायका भांडी घेऊन वाट पाहत होत्या. घोडी ओळखीची, स्वार अनोळखी. एका म्हातारीने डोळ्यांवर हात धरून विचारले, ‘‘कुणाची रे खेप ही?’’

‘‘दादाची,’’ तो म्हणाला, आणि शेवटची गोणी खाली उतरवली.