एकवीस फेऱ्यांची टोपली

वेळूखोऱ्याच्या चावडीसमोर एक बसका काळा दगड आहे. पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी बसत आल्यामुळे त्याचा माथा खोलगट झालाय. चावडीच्या तुळईला धुरानं काळवंडलेली एक टोपली टांगलेली असते. तिला विणीचे एकवीस फेरे आहेत, एक कमी नाही की जास्त नाही. खोऱ्याच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा विषय निघाला, की एका बुरूड बाईनं या दगडावर बसून टोपली विणायला घ्यायची, अशी इथली रीत आहे.

त्या सकाळी दगडावर वेणू बसली होती. बी.ए. होऊन गावात परतलेली वेणू. बोटं बांबूच्या पट्ट्यांत आणि कान तात्या हैबतेंच्या बोलण्याकडे. तालुक्याहून आलेले तीन पाहुणे तात्यांचा शब्दन्‌शब्द टिपून घेत होते. दगडापाशी फलक लागणार होता आणि तात्या सांगतील तेच त्यावर कोरलं जाणार होतं. वेणूला धास्ती होती ती त्याचीच. म्हातारी माणसं खोटं बोलत नाहीत, नेमकं अडचणीचं तेवढं गाळतात, असा तिचा अनुभव होता.

तात्यांनी घसा खाकरला.

फार पूर्वी म्हणे हे खोरं एका जहागीरदाराच्या मुठीत होतं. सगळ्यांच्या मानेवर वेठ. त्याचा मेणा वाहायचा, त्याचं गवत कापायचं, टोपल्या-सुपं फुकट द्यायची. सगुणा बुरडिणीचा नवरा असाच मेणा वाहताना घाटात कोसळला. मेणा थांबलासुद्धा नाही. तिथून खोरं पेटलं. सातही वाड्या चावडीवर जमल्या आणि त्यांनी जाहीरनामा लिहायचा ठरवला. तोंडी ठरलेलं उद्या कुणीही नाकारतं. आपण कुणाचे ताबेदार नाही आणि यापुढे एकमेकांशी कसं वागणार, हे कागदावर आणलं म्हणजे जहागीरदाराला जबाब मिळतो आणि आपलेही हात बांधले जातात.

कुळकर्ण्यानं मसुदा वाचला. सगुणा या दगडावर लांब बसून टोपली विणत होती. ऐकता ऐकता तिचे एकवीस फेरे झाले.

आठव्या दिवशी अंगठे उठवायचे होते. कुळकर्ण्यानं पुन्हा वाचलं. तोच आवाज, तीच संथ लय. सगुणेनं त्याच मापाची टोपली धरली होती. वाचन संपलं तेव्हा सतरा फेरे झाले होते.

आधी तिनं स्वतःच्याच बोटांवर संशय घेतला. मग दोन्ही टोपल्या शेजारी ठेवल्या आणि उठून विचारलं, "चार फेरे कुठं गेले?"

चावडीच्या ओट्यावर बसलेल्या थोरल्या माणसांत हशा उसळला. "टोपलीनं कागद वाचतेस होय गं, सगुणे?"

"मग परत वाचा. मी परत विणते."

कुळकर्ण्यानं परत वाचलं. या वेळी शब्द चांगले ताणून, मध्ये खोकून. एकोणीस फेरे झाले.

"मघाशी सतरा, आता एकोणीस," सगुणा म्हणाली. "कागद काय लेकरू आहे, बसल्या जागी वाढायला?"

आता कुणी हसलं नाही. विणणारी बाई ऐकत नसते, असं ओट्यावरचे धरून चालले होते, तिथंच चुकले. सगुणेच्या खालच्या वाडीतल्या एकेकाला आठवत गेलं. पहिल्या वाचनात होतं, 'कुणी कुणाची वेठ करणार नाही. जहागीरदाराची नाही, पाटलाची नाही, देवस्थानाची नाही.' आता नुसता जहागीरदार उरला होता.

थोरली माणसं समजावू लागली. जहागीरदाराचे स्वार घाटापर्यंत आलेत, आधी मोकळे होऊ, बाकीचं मग बघू. सगुणा म्हणाली, "तुमच्या आधी आणि मगमध्ये आमच्या दोन पिढ्या गेल्या." तिनं अंगठा मुठीत धरला. तिच्यामागे सगळ्या खालच्या वाडीनं मुठी आवळल्या. सगळ्यांचे अंगठे नसतील तर कागद दुबळा, हे ओट्याला ठाऊक होतं. गाळलेली वाक्यं परत आली. एकवीस फेरे भरले आणि मगच अंगठे उठले.

पुढे जहागीरदारानं चावडी जाळली. कागदाची राख झाली, टोपली मात्र जळली नाही, असं सांगतात.

("जळेल कशी? सगुणेनं ती आदल्या दिवशीच घरी नेली होती," वेणू पुटपुटली.)

जाहीरनामा लोकांच्या तोंडी राहिला आणि टोपली त्याचं माप झाली.

"तर असं कुळकर्ण्याच्या मनात पाप आलं होतं," तात्यांनी हात जोडले. "एवढंच आहे."

पाहुण्यांनी वह्या मिटल्या.

"थांबा," वेणू म्हणाली. "तात्या, माझी आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा टोपली पुरी व्हायची. आज चार फेरे राहिलेत."

"पोरी, माझं वय झालं. एखादी गोष्ट निसटते."

"निसटते की नेमकी तीच निसटते? कुळकर्णी लिहिणारा. ती वाक्यं गाळायला सांगितली कुणी?"

तात्या चिडले. "पाहुण्यांसमोर शोभतं का हे?"

"फलक शंभर वर्षं राहील, तात्या. पाहुणे दुपारच्या एसटीनं जातील."

तात्यांनी तुळईवरच्या टोपलीकडे बघितलं. मग पाहुण्यांकडे वळून, पहिल्यापेक्षा हळू आवाजात म्हणाले, "वह्या उघडा. सांगणारा पाटील होता. वर्षाला त्याच्या खळ्यावर तीस टोपल्या फुकट यायच्या, त्या त्याला सोडवेनात. हैबतराव पाटील. त्याच्याच नावावरून आम्ही हैबते. माझा खापरपणजा."

वेणूनं मान वर केली नाही. तिची बोटं चालू झाली होती.

आजही तो फलक दगडापाशी आहे. त्यावर सगुणेचं नाव आहे, कुळकर्ण्याचं आहे आणि पाटलाचंही. आजही दरवर्षी चावडीवर जाहीरनामा म्हटला जातो आणि म्हणणारा कुणीही असो, आधी दगडाकडे बघतो. गेल्या वर्षी सरपंचांचे वीसच फेरे भरले.

त्यांना पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.