साहेबांचं लख्ख टेबल

सरकारी फेरतपासणीत माणसाचं दुखणं कुणी पाहत नाही, त्याचं लुगडं पाहतात.

सरूबाई ढोकणेंचे दोन्ही हात लकव्याने गेलेले. त्यांना भरवणं, न्हाऊ घालणं, सगळं सून निर्मला करते. मदतनीस भत्ता मिळतो म्हणूनच ती मजुरीला न जाता घरी थांबू शकते. तो बंद झाला तर दिवसभर म्हातारीला पाण्याचा घोट तरी कोण पाजणार?

तपासणीचं बोलावणं आलं. साहेबांपुढे जायचं म्हणून निर्मलाने सासूला ठेवणीतलं लुगडं नेसवलं, चापूनचोपून अंबाडा घातला. आपल्याकडे कचेरीत असंच जातात. तिथेच चुकलं.

कानविंदे साहेबांनी म्हातारीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "केस नीट, लुगडं नीट. आजी, तुम्हाला कशाला हवी मदतनीस? भत्ता बंद."

निर्मलाच्या डोळ्यांत पाणी आलं. सरूबाई मात्र साहेबांच्या टेबलाकडे बघत होत्या.

"साहेब, टेबल लई लख्ख हाय तुमचं. तुमीच पुसता व्हय?"

"मी कशाला पुसू? शिपाई आहे ना."

"मग काढून टाका की त्याला. एवढ्या लख्ख टेबलाला पुसणारा कशाला हवा?"

दारातला शिपाई खोकला. साहेबांनी घंटी वाजवली.

"तुळशीराम, ते पेन दे."

पेन साहेबांच्या हातापासून वीतभर लांब होतं. शिपायाने ते उचलून दिलं आणि साहेबांनी भत्ता चालू ठेवल्याची सही केली.

"बघ गं," सरूबाई सुनेला म्हणाल्या, "हात धड असून साहेबांनाबी मदतनीस लागतोच."